‘तुम्ही’चं ‘तू’ होतं ते मिनिट : रोमँटिक कॉमेडी लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

पटकथालेखक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही, पण तुमचं एक वाक्य मी इतक्या वेळा मराठीत टाइप केलंय की आता ते बोटांनाच पाठ झालंय. ‘मी सगळं सांगतो, आधी ऐकून तर घे!’ चित्रपट पाऊण सरला की हे वाक्य येतं. समोरची व्यक्ती अर्थातच ऐकून घेत नाही. दार आपटतं. मग एक उदास गाणं लागतं आणि दोघं आपापल्या खिडकीतून बाहेर बघत बसतात. पाऊस असेल तर उत्तम. माझ्या दृष्टीने हा भाग सुटीचा. कुणी काही बोलत नाही, म्हणजे मला काही लिहायचं नसतं. मी उठून पाय मोकळे करून येते.

परभाषांतल्या चित्रपटांची मराठी सबटायटल्स लिहिणं हा माझा उद्योग. खुनाचे, भुतांचे, युद्धाचे, सगळ्या प्रकारचे चित्रपट येतात. तुमचा आला की मी मनातून खूश होते, हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढची कुरकुर शत्रूची वाटणार नाही.

एक चित्रपट मी किमान चारदा बघते. पहिल्यांदा नुसता, प्रेक्षकासारखा. दुसऱ्यांदा वेळा जुळवायला, म्हणजे कुठलं वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते टिपायला. तिसऱ्यांदा भाषांतर. चौथ्यांदा तपासणी. तेव्हा ‘पुढे काय होणार’ ही उत्सुकता माझ्या बाबतीत पहिल्या खेपेलाच खलास होते. तुमच्या चित्रपटांत तर त्याच्याही आधी, पोस्टर बघूनच. दोघं पाठीला पाठ लावून, हाताची घडी घालून उभे. चेहऱ्यावर ‘हे ध्यान मला अजिबात आवडत नाही’ असा भाव आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू. झाली गोष्ट सांगून.

पत्र लिहायचं कारण असं की अलीकडे तुम्ही लाजायला लागला आहात. तुमची पात्रंच मधे थांबून म्हणतात, ‘आयुष्य म्हणजे काही रोमँटिक कॉमेडी नाही,’ आणि पुढच्या अर्ध्या तासात तंतोतंत तेच करतात. मुलाखतींत तुमच्यापैकी कुणी ना कुणी सांगत असतं की आम्ही साचा मोडलाय. समीक्षकांनी ‘अपेक्षित शेवट’ हे दोन शब्द इतकी वर्षं तुमच्या अंगावर फेकलेत की तुम्हालाही तो गुन्हा वाटू लागलाय. मग शेवट लोंबकळत ठेवायचा, नाहीतर दोघांपैकी एकाला नोकरीसाठी सातासमुद्रापार धाडायचं आणि त्याला वास्तववाद म्हणायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे की शेवटाला हात लावू नका. दुखणं तिथे नाहीच.

शेवट कळला की गोष्टीतली गंमत जाते, असं आपण धरून चालतो. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं. वाचकांना लघुकथा दिल्या. काहींना शेवट आधीच सांगून टाकला, काहींना नाही. शेवट ठाऊक असलेल्यांना कथा थोड्या जास्तच आवडल्या, आणि त्यांत रहस्यकथासुद्धा होत्या. मला याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. चौथ्या खेपेला मी रोजच हे बघते. ‘काय होणार’ची काळजी डोक्यावरून उतरली की नजर ‘कसं होतंय’कडे जाते. तो बोलतोय तेव्हा तिचे हात काय करतायत? तिच्या कोटीवर त्याने हसू दाबलं, ते तिला दिसलं का? दिसलं, आणि तिने न दिसल्यासारखं केलं! रहस्यपट बघताना ही नजर येईपर्यंत तो दुसऱ्यांदा बघावा लागतो. तुमचा साचा ती प्रेक्षकाला पहिल्याच खेपेला देऊन टाकतो. एवढी मोठी सोय पदरात असताना तुम्ही ती लपवत का फिरता?

हा काही नव्या जमान्याचा आळशीपणा नाही. आपल्या जुन्या नाट्यशास्त्राने कथानकाच्या पाच अवस्था सांगितल्या: आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. फळ मिळणार हे यादीतच लिहून ठेवलंय. त्यावरून कुणी भरतमुनींना पाचांपैकी दोन तारे दिल्याचं ऐकिवात नाही. फळ हाताशी आलंसं वाटत असताना जी अडचण उभी राहते तिलाही शास्त्रात नाव आहे, विमर्श. ती कशाने येते, तर दहाव्या शतकातला धनंजय ‘दशरूपक’ या नाट्यविषयक ग्रंथात सांगतो: क्रोधाने, संकटाने किंवा मोहाने. तुमचं ते खिडकीतून बाहेर बघणं म्हणजे विमर्शच. फक्त धनंजयाच्या यादीत ‘तिने त्याचा अर्धाच मेसेज वाचला’ हे कारण नाही.

आणि कालिदासाने काय केलं बघा. शकुंतलेची गोष्ट महाभारतातली, म्हणजे शेवट जगजाहीर. महाभारतात ना अंगठी आहे ना दुर्वासांचा शाप. तिथे दुष्यंताला सगळं आठवत असतं आणि तरीही तो भर दरबारात तिला ओळख देत नाही. कालिदासाने शेवटी दोघांना एकत्र आणायचं ते आणलंच, पण अडथळा पार बदलून टाकला. शाप आणला, अंगठी आणली, ती पाण्यात पडू दिली. त्यामुळे झालं असं की ‘आधी ऐकून तर घे’ या वाक्यातली हवाच गेली. शकुंतला सगळं सांगते, नीट सांगते, दुष्यंत ऐकूनही घेतो आणि तरी त्याला काही आठवत नाही. ‘शाकुंतल’ला रोमँटिक कॉमेडी म्हणण्याइतकी मी धीट नाही, पण तुमच्या धंद्याचं एक माप मला त्यातून मिळालं. सगळं बोलून झाल्यावरही जो उरतो तो अडथळा. जो बोलल्याबरोबर विरघळतो त्याला आम्ही प्रेक्षक उशीर म्हणतो.

तुमच्या घराण्याच्या मूळपुरुषांत ‘इट हॅपन्ड वन नाइट’चं नाव घेतात. तो १९३४ च्या फेब्रुवारीत आला. श्रीमंत बापाच्या तावडीतून पळालेली मुलगी, नोकरी गेलेला बातमीदार आणि बसचा लांबलचक प्रवास. दोघांना एका खोलीत रात्र काढायची वेळ येते तेव्हा तो दोन पलंगांच्या मधे दोरी बांधून त्या दोरीवर ब्लँकेट टाकतो आणि त्याला जेरिकोच्या भिंती म्हणतो. बायबलातल्या त्या भिंती तुताऱ्यांच्या आवाजाने कोसळल्या होत्या. आपल्याजवळ तुतारी नाही, अशी ग्वाही तो तिला देतो. सगळा चित्रपट त्या एका ब्लँकेटवर तोललेला आहे. शेवटच्या प्रसंगात नायक-नायिका पडद्यावर दिसतसुद्धा नाहीत. तुतारी वाजते, ब्लँकेट खाली पडतं, खेळ खलास. चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा ही पाचही मोठी ऑस्कर एकत्र मिळवणारा तो पहिला चित्रपट. हिंदीत त्यावरून १९५६ साली ‘चोरी चोरी’ झाला आणि १९९१ साली ‘दिल है कि मानता नहीं’. दोन्ही वेळा शेवट आधीच माहीत होता, दोन्ही वेळा लोक गेले.

त्याच १९३४ च्या मध्यापासून हॉलिवूडमध्ये नीतिसंहितेची कडक अंमलबजावणी सुरू झाली. शारीरिक जवळीक दाखवण्यावर बंधनं आली, तेव्हा लेखकांनी सगळी ओढ भांडणात ओतली. त्या काळातल्या स्क्रूबॉल कॉमेडीत, म्हणजे चटपटीत भांडणांच्या त्या वेडगळ प्रेमविनोदांत, माणसं अशा वेगाने भांडतात की सबटायटलवाल्याने कपाळाला हात लावावा. माझ्या वाट्याला पडद्यावर दोन ओळी आणि मोजके सेकंद. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं सुरू झालेलं. निम्मं गाळावं लागतं. मौज अशी की गाळूनही कळतं. कारण प्रत्येक उत्तर समोरच्याच्या शेवटच्या शब्दाला पकडूनच येतं. भांडणारी माणसं एकमेकांचं किती कान देऊन ऐकतात! तुमच्या हल्लीच्या पटकथांतले प्रेमी मात्र आळीपाळीने आपापली स्वगतं म्हणतात, आणि त्यांची सबटायटल्स लिहिणं फार सोपं असतं. सोपं काम मिळाल्याचा आनंद व्हायला हवा, तो होत नाही.

आणखी एक उदाहरण देते, कारण त्यात माझ्या कामाची मेख आहे. मिक्लोश लास्लो या हंगेरियन नाटककाराच्या एकाच नाटकावरून अमेरिकेत तीन चित्रपट निघाले. १९४० मध्ये अर्न्स्ट लुबिच यांचा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’, १९४९ मध्ये ‘इन द गुड ओल्ड समरटाइम’ आणि १९९८ मध्ये नोरा एफ्रॉन यांचा ‘यू हॅव गॉट मेल’. समोरासमोर एकमेकांना पाण्यात बघणारी दोन माणसं नकळत एकमेकांनाच पत्रं लिहीत असतात आणि त्या पत्रांतल्या माणसाच्या प्रेमात असतात. पत्रांच्या जागी ईमेल आली एवढाच फरक, असं वरवर बघणाऱ्याला वाटेल. पण एफ्रॉनबाईंनी अडथळाही बदलला. लुबिचच्या चित्रपटात दोघं एकाच दुकानात नोकरी करतात, खटके रोजचेच. १९९८ मध्ये त्याच्या घराण्याच्या अवाढव्य दुकानामुळे तिचं आईपासून चालत आलेलं छोटं पुस्तकांचं दुकान बंद पडतं. इथे गैरसमज कुठलाच नाही. दुकान खरोखर गेलंय. शेवटी ती त्याला स्वीकारते ते मला अजूनही पुरतं पटत नाही. ज्याने दुकान बुडवलं त्याला इतक्या लवकर माफी? पण हे मी पंचवीसहून जास्त वर्षांनी लिहितेय, म्हणजे त्या अडथळ्यात दम होता. अर्धा मेसेज वाचल्यामुळे झालेल्या ताटातुटीबद्दल कुणी दुसऱ्या दिवशीसुद्धा वाद घालत नाही.

आता मेख. ही गोष्ट मराठीत आणायची झाली तर ती दोघं दुकानात एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणतील आणि पत्रात ‘तू’. मग तो जेव्हा ओळखतो की पत्रातली ती हीच, आणि तिला मात्र अजून काही कळलेलं नाही, तेव्हा समोर बसून तिची बोलणी खाताना तो तिला काय म्हणेल? जीभ ‘तू’वर आलेली आणि तोंडातून ‘तुम्ही’ काढायचं! इंग्रजीत हा पेच लिहिताच येत नाही. तिथे सगळ्यांना एकच ‘यू’. मालक, वैरी, प्रियकर, कुत्रा, सगळे यू.

मराठीत तसं भागत नाही. दोन अनोळखी प्रौढ माणसं पहिल्यांदा भेटली की ‘तुम्ही’ म्हणणार. (कॉलेजातली पोरं असली तर माझी सुटका, ती पहिल्यापासून अरे-तुरेवर असतात.) शेवटच्या मिठीत ती ‘तुम्ही’ म्हणाली तर प्रेक्षक हसेल. म्हणजे मधे कुठेतरी ‘तुम्ही’चं ‘तू’ व्हायला हवं. कुठल्या मिनिटाला? ते तुम्ही लिहिलेलं नसतं. ते मला ठरवावं लागतं.

सुरुवातीला वाटायचं, त्यात काय, पहिल्या चुंबनानंतर बदलून टाकायचं. करून पाहिलं. फार वाईट दिसलं, जणू कुणीतरी अर्ज मंजूर करून शिक्का मारलाय. मग भांडणात बदलून पाहिलं. रागाच्या भरात माणूस एकेरीवर येतोच, आणि आपल्या भाषेत एकेरीवर येणं अपमानाकडेही जातं, जवळिकीकडेही. हे बरं जमलं. पण भांडण निवल्यावर परत ‘तुम्ही’वर जायचं का? गेलं तर त्या ‘तुम्ही’ला आता वेगळाच गारठा येतो. कधी तो गारठाच हवा असतो. असे चाळे करत करत एक गोष्ट ध्यानात आली, ती तुम्हाला सांगण्यासाठी हा सगळा पसारा मांडलाय.

चांगल्या चित्रपटात ते मिनिट मला ठरवावं लागत नाही, ते आपणहून समोर येतं. आणि ते प्रेमाच्या प्रसंगात जवळजवळ कधीच नसतं. असतं कुठेतरी फालतू जागी. ती डावखुरी आहे म्हणून तो न विचारता टेबलाची बाजू बदलून बसतो, बोलत असतो तिसऱ्याच विषयावर. किंवा तो विसरभोळा आहे हे ठाऊक असल्यामुळे निघताना ती त्याची किल्ली त्याच्या हातात ठेवते आणि दोघांच्याही लक्षात येत नाही की काहीतरी घडलंय. तिथे मी ‘तू’ लिहिते आणि वाक्य असं बसतं की पुन्हा हात लावावा लागत नाही. वाईट चित्रपटात असं मिनिटच सापडत नाही. पस्तिसाव्या मिनिटाला घाला की सत्तराव्या, सारखंच चिकटवल्यासारखं दिसतं. मधल्या काळात गाणं झालेलं असतं, सायकली झालेल्या असतात, भिंत रंगवता रंगवता एकमेकांच्या नाकाला रंग लावून झालेला असतो. एकमेकांकडे लक्ष मात्र कुणी दिलेलं नसतं.

लोक तुमच्याकडे या लक्षासाठी येतात, असं माझं मत आहे. शेवटचं चुंबन ही नुसती पावती. कुणीतरी आपल्याला नीट बघितलंय, आपल्या बारीकसारीक खोडी त्याच्याकडे जमा आहेत आणि तरी तो पळून गेलेला नाही, हे सुख खऱ्या आयुष्यात फार कमी लोकांना फार थोडा वेळ मिळतं. ‘व्हेन हॅरी मेट सॅली’ (१९८९) मध्ये हॅरी शेवटी धावत येतो आणि प्रेमाची कबुली म्हणून काय देतो, तर तिच्या वैताग आणणाऱ्या सवयींची यादी. साधं सँडविच मागवायला तिला किती वेळ लागतो, वगैरे. बारा वर्षं हा गृहस्थ कंटाळतोय असं आपण समजत होतो, आणि तो तर नोंदी ठेवत होता!

त्या चित्रपटाच्या शेवटाची हकीकत तुम्हा मंडळींना ठाऊक असेलच, पण साचा मोडल्याच्या फुशारक्या ऐकल्या की मला ती हटकून आठवते. दिग्दर्शक रॉब रायनर आणि लेखिका नोरा एफ्रॉन यांच्या मनात आधी दोघांनी एकत्र न येण्याचा शेवट होता. घटस्फोट झालेल्या रायनरना तोच खरा वाटत होता. चित्रपटाचं काम चालू असताना त्यांना पुढे त्यांची पत्नी झालेली स्त्री भेटली आणि शेवट बदलला. म्हणजे ज्याला आपण साचेबंद आणि गल्लाभरू म्हणतो तो शेवट इथे एका माणसाच्या जगण्यातून आला. आणि ‘वास्तववादी’ म्हणावा असा जो शेवट होता, तो त्याच्या तेवढ्या काळातल्या उदासीतून आला होता.

शेवटाला हात लावायचाच असेल, तर ‘रोमन हॉलिडे’ (१९५३) सारखा लावा. एका दिवसापुरती पळालेली राजकन्या संध्याकाळ सरल्यावर कर्तव्याकडे परत जाते. तिथे कुणाला साचा मोडून दाखवायचा नव्हता. अडथळा इतका खरा होता की शेवटालाच वाकावं लागलं. तुमच्या हल्लीच्या अर्धवट शेवटांत मला असं वाकणं दिसत नाही, नुसता संकोच दिसतो.

‘आय लव्ह यू’बद्दल दोन शब्द, कारण मला त्याचा त्रास होतो. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे व्याकरणाने निर्दोष मराठी वाक्य प्रत्यक्षात कोण कुणाला म्हणतं? ते लिहिलं की पात्र एकदम व्यासपीठावर उभं राहून बोलल्यासारखं वाटतं. ‘मला तू आवडतेस’ कमी पडतं. ‘तू मला हवी आहेस’ला भलताच वास येतो. शेवटी पुष्कळदा ‘आय लव्ह यू’च देवनागरीत ठेवते आणि पुढे जाते. पण कधीकधी आधीच्या दीड तासात तुम्ही काम इतकं चोख केलेलं असतं की तिथे ‘वेडी आहेस का गं?’ एवढं लिहिलं तरी थिएटर समजून घेईल अशी मला खात्री वाटते. लिहीत नाही, तपासणारे परत पाठवतील. पण मोह होतो.

आता अडथळ्यांच्या टंचाईबद्दल. तुमची अडचण मला कळते. नॉर्थ्रप फ्राय या समीक्षकाने १९५७ सालीच नोंदवलं होतं की प्राचीन ग्रीक सुखात्मिकेपासून गोष्ट तीच आहे: तरुणाला तरुणी हवी, वाटेत कुणीतरी आडवं, बहुतेक वेळा बाप किंवा बापासारखा कुणी. मग बाप हळूहळू मवाळ झाला. श्रीमंत-गरीब हा फरक सांगायलाही ओशाळं वाटू लागलं. चुकामूक व्हायची तर खिशात फोन. विमानतळावर धावत जाऊन तिला अडवायची तुमची लाडकी युक्ती तर २००१ च्या सप्टेंबरनंतर अमेरिकेत नियमानेच मोडीत निघाली. तिकीट नसलेल्या माणसाला सहसा सुरक्षा तपासणीच्या पलीकडे सोडत नाहीत. तुमचा नायक तरी धावतोच. धावू दे बापडा.

एकेक दरवाजा बंद झाला तसा तुम्ही अडथळा माणसाच्या डोक्यात नेऊन ठेवला. त्याला बांधिलकीची भीती, तिला जुनी जखम. हरकत नाही, पण डोक्यातला अडथळा तुम्ही दोन वाक्यांत सांगता आणि एका भाषणात मिटवता. बाहेर बघाल तर खरे अडथळे पडलेत की. एकाची रात्रपाळी आणि दुसऱ्याची दिवसपाळी. आजारी आई, जिला सोडून जाता येत नाही. पहिल्या लग्नाचा आठ वर्षांचा मुलगा, ज्याचा नवा माणूस नापसंत करण्याचा हक्क सगळ्यांत मोठा आहे. एकाला मूल हवंय, दुसऱ्याला नकोय, आणि यात अधलंमधलं काही नाही. म्हणाल, यात विनोद कुठून आणायचा? आडमुठा बाप तरी मुळात कुठे विनोदी होता? त्याला विनोदी केला तो लेखकांनी.

एक तक्रार मात्र कडक शब्दांत करणार आहे. तुमच्या चित्रपटांत ‘नाही’ या शब्दाला काही किंमतच नसते. ती नाही म्हणते, तो दुसऱ्या दिवशी तिच्या ऑफिसखाली. परत नाही, तो घराखाली. तिसऱ्यांदा नाही म्हणाल्यावर तो भर गर्दीत गुडघ्यावर बसतो, सगळे मोबाइल काढतात, अनोळखी माणसं टाळ्या वाजवू लागतात आणि ती हो म्हणते. मी तिन्ही ‘नाही’ इमानेइतबारे लिहिलेले असतात. पहिला लाजून, दुसरा चिडून, तिसरा थकून. मराठीत तिन्ही वेगळे लिहिता येतात, ‘नको ना’, ‘नाही म्हटलं ना’, ‘नाही’. आणि मग चौथ्या जागी ‘हो’ लिहिताना बोटं अडतात. त्या गर्दीत दुसरं काही म्हणायची सोयच तुम्ही ठेवलेली नाही. कृपा करून हे साच्याच्या माथी मारू नका. साच्याला फक्त एवढंच हवंय की शेवटी दोघांनी एकमेकांना निवडावं. पाठलाग ही तुम्ही त्यात घातलेली भर.

नायिकेच्या मैत्रिणीबद्दल फार लिहीत नाही. तिच्या सगळ्या सबटायटल्सच्या शेवटी प्रश्नचिन्ह असतं एवढं सांगितलं तरी पुरे. ‘मग?’ ‘पुढे काय झालं?’ ‘आणि तू काय म्हणालीस?’ संस्कृत नाटकातल्या विदूषकाला निदान स्वतःची भूक तरी होती.

सध्या माझ्या टेबलावर तुमच्यापैकीच कुणाचा तरी एक चित्रपट आहे. नाव सांगत नाही, सांगायची परवानगीही नाही. ती रुग्णालयात भल्या पहाटेच्या पाळीला जाते, वरच्या मजल्यावरचा तो रात्री पियानो वाजवतो. तीनदा वर जाऊन ती कडाकडा भांडून आलीये. चौथ्या खेपेला बघतेय, शेवट मला तोंडपाठ आहे, तुम्हालाही न बघताच कळला असेल. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला एका रात्री वरून आवाज येत नाही. ती अंथरुणावर पडून वाट बघते. कूस बदलते. शेवटी उठून जिना चढते, दार वाजवते, तो उघडतो आणि ती विचारते. मूळ वाक्य पाच-सहा शब्दांचं आहे. मी लिहिलं, ‘आज पियानो वाजवला नाहीत?’

मग खालच्या ओळीत नुसतं बघायला म्हणून लिहिलं, ‘आज पियानो वाजवला नाहीस?’

एका अक्षराचा फरक. तीन दिवस ‘त’ खोडून ‘स’ लिहितेय आणि ‘स’ खोडून ‘त’. त्याने त्या रात्री का वाजवला नाही हे तुम्ही कुठेही सांगितलेलं नाही, फक्त आदल्या प्रसंगात तिच्या दाराबाहेर उभा असताना त्याची नजर तिथे लावलेल्या पाळीच्या तक्त्यावर क्षणभर रेंगाळते. हे मला तिसऱ्या खेपेला दिसलं. काल रात्री ‘स’ ठेवला आणि फाइल पाठवून दिली.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
एक सबटायटलवाली